त्रिकोणातले मेघ आणि बाईंचं छत

सोसायटीचं सेक्रेटरीपद का घेतलंस, असं कुणी विचारलं की मी सांगते, "दुसरं कुणी घेईना म्हणून." ते अर्धंच खरं आहे. टेरेसची किल्ली सेक्रेटरीकडे असते, हे उरलेलं अर्धं. विरारच्या मनवेलपाड्यातली आमची इमारत चार मजल्यांची, बिनलिफ्टची, पण टेरेस मोकळी होती. आजूबाजूच्या बहुतेक टेरेसवर केव्हाच निळे पत्रे चढले होते. गळायला लागलं की वर पत्र्याची शेड घालायची, ही इकडची रीतच आहे. आमची तेवढी बोडकी राहिली होती, आणि ती तशीच राहावी असं वाटणारी अख्ख्या इमारतीत मी एकटीच होते.

दिवसा मी वालीवला एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसते. लेथवरून उतरलेले पितळी बुश, म्हणजे आरपार भोकाच्या छोट्या नळ्या, ट्रेमधून माझ्यासमोर येतात. माप तपासायच्या गेजचं एक टोक बुशमध्ये गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर पास, नाही तर लाल रंगाचा ठिपका आणि बाजूच्या पेटीत. बावीस वर्षं मी हेच करते आहे. माझ्या हातून स्वतःचं असं काही तयार होत नाही, दुसऱ्यानं केलेलं कुठे चुकलं ते मी सांगते. ही सवय घरी उतरवून ठेवता येत नाही. नवरा म्हणतो, तुझ्यापुढे ताट ठेवायचं म्हणजे पोटात गोळा येतो. मला राग येतो, पण त्याचं चुकत नाही.

म्हणून असेल कदाचित, पण फोटोंचं वेड लागलं ते असं लागलं की सुटेना. एक जुनी दुर्बीण, ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरणारं माउंट, थंड राहणारा काळा-पांढरा कॅमेरा, असं एकेक करत सहा वर्षांत जमवलं. चंद्र झाला, शनी झाला. मग त्रिकोण तारकासमूहातली ती दीर्घिका मनात भरली. तिला आपली शेजारीण म्हणतात. हा शेजार सत्तावीस लाख प्रकाशवर्षांचा आहे. तिच्या हातांवर हायड्रोजनचे ढग आहेत. त्यांच्या पोटात नवे तारे जन्मतात आणि त्यांच्या प्रखर किरणांनी ढग लाल पेटतात. त्यातला सगळ्यात मोठा ढग एवढा अफाट, की आपल्या मृगातला तेजोमेघ त्याच्या कडेला ठेवला तर शोधत बसावं लागेल. मला तो ढग हवा होता. त्याचे धागे, त्यातल्या पोकळ्या, सगळं दिसेल असा.

विरारहून नुसत्या डोळ्यांनी यातलं काहीही दिसत नाही. हायवेचे दिवे, जाहिरातींचे फलक, नव्या टॉवरांवरचे झोत, यांनी आभाळ कायम चहासारखं असतं. उपाय एकच, अरुंद पट्ट्याचा फिल्टर. तो काय करतो हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही, कारण तो माझ्या गेजचाच भाऊ आहे. हायड्रोजनचा ठरलेला लाल उजेड तेवढा आत सोडतो, बाकी सगळं रिजेक्ट. दुसरा फिल्टर ऑक्सिजनच्या हिरवट-निळ्या उजेडाचा. दोन्हींतून पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम घ्यायच्या, शेकड्यांनी, आणि मग त्या एकावर एक रचायच्या. मी ठरवलं होतं, हायड्रोजनचे वीस तास, ऑक्सिजनचे दहा. हायड्रोजन थोडंफार चांदणं चालवून घेतो. ऑक्सिजनला मात्र अंधार लागतो, म्हणजे अमावास्येच्या आगेमागेच्या रात्री.

लोकांना वाटतं, टेरेसवर निवांत बसून तारे बघत असेल. कसलं निवांत! दर दहा मिनिटांनी मी उठते. काचेवर दव बसलं का? दक्षिणेकडून ढग येतायत का? कुणी पाण्याचा पंप चालू केला, की इमारत जराशी थरथरते आणि पाच मिनिटांची फ्रेम वाया जाते. मग मी जिन्यातून खाली वाकून पुटपुटते. दीर्घिका डोक्यावर आली की दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला वळवावी लागते, नाही तर ती तिपाईच्या पायावर आदळेल. ते झालं की पुन्हा नेम धरा, पुन्हा फोकस करा. खाली येऊन पडले तरी डोळ्यापुढे आकडे फिरत राहतात. सकाळी वालीवच्या रिक्षात बसल्या बसल्या मी फोनवर रात्रीच्या फ्रेम मोठ्या करून बघते आणि त्यातल्याही निम्म्या रिजेक्ट करते.

माझी तिपाई जिथे उभी असते, त्याच्या बरोबर खाली बाईंचं घर आहे. बाई म्हणजे मुंबईच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सगळी इमारत त्यांना बाईच म्हणते. एक हॉल, एक स्वयंपाकघर. हॉलमध्ये खिडकीशी त्यांच्या नवऱ्याची, काकांची खाट. काकांना अर्धांगवायूचा झटका येऊन तीन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणंही गेल्यातच जमा. त्यांचं सगळं बाई एकट्या करतात. मुलगी पुण्याला असते.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या हॉलचं छत गळायला लागलं. आधी एक पिवळा डाग, मग त्याला बुरशीची दाढी, मग थेंब. बाईंनी खाट सरकवली, बादली ठेवली. ऑगस्टच्या मिटिंगमध्ये एकमताने ठरलं, शेड घालायची. सेक्रेटरीने तीन कोटेशनं मागवायची, तपासायची, योग्य वाटेल त्यावर सही करून काम सुरू करायचं. मीही हात वर केला. बाई शेजारीच बसल्या होत्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्याकडे आहे ना, मग मला काळजी नाही. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

कोटेशनं पंधरा दिवसांत आली. मी लाल पेन घेऊन बसले. एकात पत्र्याची जाडी लिहिलेली नव्हती. परत. दुसऱ्यात खांबांचे बोल्ट स्लॅबमध्ये किती खोल जाणार त्याचा पत्ता नव्हता, आणि भोकं पाडून गळती वाढली तर जबाबदार कोण? परत. तिसऱ्याने पन्हळीचा उतार दाखवला नव्हता. तोही परत. दुरुस्त होऊन आली तेव्हा मी नवीन शेरे मारले. गंजरोधक रंगाचे हात किती? वाऱ्याचा जोर धरलाय का? एकही शेरा खोटा नव्हता. कुणीही जाणता माणूस म्हणाला असता, बरोबर विचारतायत मॅडम. म्हणून तर मला कुणी अडवलं नाही. कमिटीतले म्हणायचे, आपली सेक्रेटरी म्हणजे सेक्रेटरी आहे हो. आणि सप्टेंबर सरत आला, आभाळ उघडलं, आणि मी वर तिपाई रोवली.

मी स्वतःशी काय बोलत होते ते मला चांगलं आठवतं. पाऊस तर गेला. आता छत गळणार कशाने? पुढच्या जूनपर्यंत शेड घातली म्हणजे झालं. घाई कुणाला आहे? असं म्हणायचं, आणि जिन्यावर बाई दिसल्या की पावलं उचलायची. त्यांनी कधी विचारलं नाही. त्या विचारत नाहीत याचाच मला राग यायचा.

कारखान्यात लेथवर एक जण आहेत, निर्मळकडचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. दुर्बिणीला फिल्टर बसवायची रिंग त्यांनीच मला पितळेत कातून दिली होती, आणि ती मी दोनदा नापास केली होती. त्यांना शेडची सगळी हकिगत माहीत, कारण डबा खाताना मीच ठेकेदारांना नावं ठेवत असे. एक दिवस ते म्हणाले, "ताई, तुमच्या हातून माजा बुश पास होत नाय, तर शेड कशी पास होनार? त्या म्हातारीच्या घरात पानी पडंल तवा पडंल, पन तुमचा गेज बसला पायजे." सगळे हसले, मीही हसले. संध्याकाळी घरी आले ती सही करायचीच असं ठरवून. फाइल काढली. मग हवामानाचं पान उघडलं. रात्र निरभ्र होती. फाइल परत ठेवली.

हायड्रोजनचे वीस तास दसऱ्यानंतर आठवड्याभरात पुरे झाले. फ्रेम रचल्या, त्यांतला पुसट उजेड ताणून उजळवला, आणि पडद्यावर दीर्घिकेच्या हातांवर ढग उमटले, पिठात पडलेल्या मोहरीसारखे, एकेक वेगळा. आणि तो मोठा, कडेला, आतून पोखरलेला, धाग्याधाग्यांचा. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. बावीस वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदा काहीतरी झालं होतं, आणि त्यात मला चूक सापडत नव्हती. मला रडू आलं, ते मी नवऱ्यालाही दाखवलं नाही.

ऑक्सिजन मात्र राहिला होता. अमावास्या आली ती लक्ष्मीपूजनाची. वर्षातली ती काळीकुट्ट रात्र, आणि अख्ख्या विरारभर फटाक्यांचा धूर! जीवदानीच्या डोंगरावरचे दिवेसुद्धा पुसट झाले होते. चार रात्री मी टेरेसवर येरझाऱ्या घातल्या, धुराला शिव्या दिल्या, दोन तासांच्या कशाबशा फ्रेम मिळाल्या, त्याही मळकट. एव्हाना कोटेशनांत काढायला खोट उरली नव्हती. कमिटीला मी सांगितलं, माणसं दिवाळीला गावी गेलीत, परत आली की बघू. मनात धरलं होतं ते एवढंच, अजून एक अमावास्या. कार्तिकातली. फक्त तेवढी.

तुळशीची लग्नं आटोपली आणि त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी अवकाळी पाऊस आला. दोन दिवस, दोन रात्री, जुलैसारखा. मी खिडकीत उभी राहून फोनवर ढगांचा नकाशा बघत होते. खरं सांगते, त्या दोन दिवसांत मला बाईंच्या छताची आठवण झाली ती एकदाच, आणि तीही अशी, की आता हे लोक शेडची घाई करणार.

शुक्रवारी सकाळी सहाला दार वाजलं. बाई होत्या. केस सुटलेले, हाताला चुन्याची पूड. "जरा वर येतेस का गं? यांच्या पायावर पडलंय."

छताचा ताटाएवढा पोपडा निखळून खाटेच्या पायथ्याशी पडला होता. वर गंजलेल्या सळया दिसत होत्या. काकांच्या उजव्या नडगीवर जखम होती, चादरीवर रक्त वाळून काळं झालं होतं. ती बाजू बधिर, त्यामुळे त्यांना कळलंच नव्हतं. रात्री केव्हा पडलं, तेही कुणाला सांगता येईना. पावसाच्या आवाजात स्वयंपाकघरात झोपलेल्या बाईंना जाग आली नव्हती. काका मात्र जागे होते. डोळे उघडे, छताकडे लावलेले. पडताना त्यांनी ते पाहिलं असणार, आणि हाक मारता आली नसणार.

डॉक्टर आले, टाके घातले, हाड शाबूत आहे म्हणाले. गवंड्याला बोलावून मी सैल झालेलं प्लॅस्टर हातोडीने पाडून घेतलं. दुपारी फाइल काढून उभ्या उभ्या सही केली. ठेकेदार म्हणाला, रविवारी सकाळी पाइप वर चढवतो. पाच मिनिटांचं काम होतं. अडीच महिने मी ते पाच मिनिटांचं काम केलं नव्हतं.

शनिवारी पाऊस पार निघून गेला. आभाळ असं धुऊन निघालं होतं की दिवेलागणीलाच पुष्कळ तारे दिसायला लागले. अमावास्या दुसऱ्या दिवशी. अशी रात्र विरारला वर्षातून एखादी मिळते, आणि सकाळी पाइप येणार होते. मी दुर्बीण वर नेली. मला कळत होतं की मी निर्लज्ज आहे. तरी नेली. जाऊ दे, सही तर झाली, आता कुणाचं काय अडतंय, असं म्हणत ऑक्सिजनचा फिल्टर बसवत होते, तेवढ्यात जिन्याच्या दाराशी बाई आल्या. चार पायऱ्यांनीच त्यांना धाप लागली होती.

"तू रात्रभर जागीच असतेस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आजची रात्र यांच्याजवळ बसशील? उद्या मुलगी येतेय, आम्हाला घेऊन जाईल. पण आज मला झोप हवीय गं. कालपासून डोळा लागला की दचकून उठते. कुणीतरी वर बघत असलं, तर मी झोपेन."

मी म्हटलं, आमच्याकडे खाली चला दोघं. त्या म्हणाल्या, "नको. जागा बदलली की ते रात्रभर कण्हतात." मी दुर्बिणीवर झाकण घातलं. त्याआधी एकदा आभाळाकडे बघून घेतलं, हे लपवून काय उपयोग.

खाट त्यांनी दाराकडच्या कोपऱ्यात घेतली होती. मी खुर्ची लावून बसले. स्वयंपाकघरातून थोड्याच वेळात बाईंच्या घोरण्याचा आवाज यायला लागला. काका जागे होते. छताकडे बघत होते, म्हणून मीही बघायला लागले. दहाच्या सुमाराला मला हिशोब लागला, आता दीर्घिका बरोबर डोक्यावर असेल. सळया, स्लॅब, वर माझी झाकलेली दुर्बीण, आणि त्याच्या वर ती. मी पायाची चाळवाचाळव करत होते, घड्याळ बघत होते, एकदा उठून खिडकीतून आभाळही बघून आले. परत आले तर काकांची नजर माझ्यावर होती. मी मुकाट्याने बसले.

मग एक वाजता टपकन आवाज झाला. चादरीवर, त्यांच्या छातीपासून वीतभर अंतरावर, प्लॅस्टरचा एक तुकडा पडला. सुपारीएवढा. काकांनी डोळे मिटले आणि परत उघडले. मी दोन्ही हात त्यांच्या तोंडावर आडवे धरून तशीच वाकून उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. त्यानंतर पहाटेपर्यंत मी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. प्रत्येक डाग, प्रत्येक चीर, कडेचा प्रत्येक फुगवटा बघत होते. तीन वाजता आणखी एक पडला, जमिनीवर.

बाई सात वाजता उठल्या. ओशाळून म्हणाल्या, "केवढी झोपले मी! पडलं का काही?"

मी मूठ उघडून दोन्ही तुकडे दाखवले. मला वाटलं त्या घाबरतील. त्यांनी ते निरखून बघितले आणि म्हणाल्या, "एवढं रोजचंच आहे." मग कपाटावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडलं आणि ते दोन तुकडे त्यात टाकले. डबा जवळजवळ भरला होता. "ऑगस्टपासूनचे आहेत. पुढच्या मिटिंगमध्ये नेऊन दाखवणार होते. मग म्हटलं, तू बघते आहेस ना, उगाच तुला घाई कशाला लावायची."

तेव्हा मी सांगितलं. कोटेशनं, शेरे, वीस तास, अमावास्या, सगळं. उभ्याने, भराभर, मधे न थांबता. फोटोबद्दल सांगताना माझा आवाज चढला, तो मला स्वतःलाच ऐकवेना. बाहेर जिन्यातून पाइपांचा खणखणाट वर चढत होता आणि माणसं एकमेकांना "संभाळून, संभाळून" म्हणत होती.

बाईंनी आत जाऊन पाणी गरम करायला ठेवलं, काकांना कुशीवर वळवलं, त्यांच्या पाठीवरची चुन्याची पूड फडक्याने झटकली. मी दाराशी उभीच होते. मग त्यांनी डब्याचं झाकण नीट दाबून लावलं, दोन्ही हातांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मग हे तपासायचं राहिलंय तुझं. घेऊन जा."